कोलोरॅडो पठारावरचे अवशेष आणि चाकांवरचे घर

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना या चार राज्यांच्या सीमा एका बिंदूत मिळतात. त्या देशात चार राज्ये एकत्र येणारी ही एकमेव जागा. तिला ‘फोर कॉर्नर्स’ म्हणतात. खुद्द त्या बिंदूवर फारसे काही नाही: जमिनीत बसवलेली एक चकती, फोटोसाठी रांग आणि दागिने विकणारे स्टॉल. पाहण्यासारखा आहे तो भोवतालचा मुलूख. कोलोरॅडो पठार सुमारे ३ लाख ३७ हजार चौरस किलोमीटरचे, महाराष्ट्राहून थोडे मोठे. बहुतेक भाग समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर, कोरडा आणि विरळ वस्तीचा. घळी, कडे, दगडी कमानी आणि सुळके यांच्यासाठी हे पठार जगभर प्रसिद्ध आहे. त्याच घळींच्या कपारींत आणि माथ्यांवर पुएब्लो लोकांच्या पूर्वजांनी सातशे ते बाराशे वर्षांपूर्वी बांधलेली दगडी घरे, बुरूज आणि कोठारे हजारोंनी उभी आहेत.

हा मुलूख पाहायला कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपण्या-रांधण्याची सोय असलेली गाडी, विशेष सोयीची ठरते. त्याचे पहिले कारण अंतर. अवशेष गावांपासून दूर आहेत, आणि गावेच मुळात थोडी आहेत. चाको या मोठ्या अवशेषांच्या घळीजवळ हॉटेल नाही, दुकान नाही, पेट्रोलपंप नाही. दुसरे कारण असे की इथली बरीच जमीन सरकारी आहे आणि तिच्या मोठ्या भागावर ठरावीक नियम पाळून मुक्काम करता येतो. तिसरे कारण वेळेचे. वालुकाश्माच्या भिंतींवरची नक्षी आणि कातळचित्रे तिरप्या उन्हात उठून दिसतात. भर दुपारी सगळे सपाट होऊन जाते. सकाळी सात वाजता अवशेषांपाशी हजर राहायचे तर रात्री जवळपासच झोपलेले बरे.

या पठाराचे सगळे गणित पाण्याभोवती फिरते. चाको घळीत वर्षाला सरासरी पाव मीटरहूनही कमी पाऊस पडतो. मेसा व्हर्डे या राष्ट्रीय उद्यानाच्या उंच माथ्यावर त्याच्या जवळपास दुप्पट. एवढ्या थोड्या पाण्याने हा भूभाग कोरला यावर पटकन विश्वास बसत नाही. पण खडक थरांचा आहे, थर कमी-अधिक कठीण आहेत, आणि पाण्याच्या हाती कोट्यवधी वर्षे होती. जमीन झाकायला झाडी नसल्यामुळे उन्हाळ्यातली एखादी जोरदार सर मातीसकट सगळे वाहून नेते. नद्या खाली कापत जातात, कठीण थर कड्यांच्या रूपाने उभे राहतात आणि मऊ थर त्यांच्या पायथ्याशी उतार बनवतात. मॉन्युमेंट व्हॅलीतले सुळके असेच उरले आहेत: तळाशी लाल शेल या मऊ खडकाचा झिजणारा उतार, त्यावर वालुकाश्माची सरळ भिंत, आणि माथ्यावर तिला काही काळ वाचवणारी कठीण टोपी.

कपारींची कहाणी जास्त महत्त्वाची, कारण माणसांची कहाणी तिला जोडलेली आहे. मेसा व्हर्डेचा वरचा थर सच्छिद्र वालुकाश्माचा आहे. पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी त्यातून हळूहळू खाली झिरपते. खालचा शेलचा थर पाणी आत घेत नाही, म्हणून ते आडवे वळते आणि कड्याच्या पोटातून पाझरते. ओल्या जागी हिवाळ्यात पाणी गोठते, फुगते, दगडाचे पापुद्रे सुटतात. शतकानुशतके असे होत राहिले की कड्याच्या पोटात मोठी कमानदार कपार तयार होते. म्हणजे ज्या पाझराने निवारा घडवला, तोच पाझर निवाऱ्याच्या मागच्या भिंतीशी पिण्याचे पाणीही देतो. घर बांधायला याहून चांगली जागा त्या कोरड्या मुलखात शोधून सापडली नसती. मराठी वाचकाच्या मनात इथे अजिंठा-वेरूळ येणे साहजिक आहे, पण काम उलटे आहे. सह्याद्रीच्या कठीण बेसाल्टमध्ये कारागिरांनी छिन्नीने पोकळी केली. इथे पोकळी निसर्गाने केली आणि माणसांनी तिच्यात दगडावर दगड रचून वस्ती भरली.

ती माणसे कोण, याविषयी आता फारसा वाद नाही. होपी, झुनी, अकोमा आणि रिओ ग्रांदे नदीकाठची पुएब्लो गावे यांतले आजचे रहिवासी त्यांचे वंशज आहेत. जुन्या पुस्तकांत त्यांना ‘अनासाझी’ म्हटलेले आढळते, पण ते नाव नाव्हाहो भाषेतले, परक्यांनी दिलेले, आणि वंशजांना ते आवडत नाही. मका या भागात सुमारे चार हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोकडून आला; त्याच्या सोबतीला भोपळा, आणि बऱ्याच काळाने घेवडा. टर्की पक्षी पाळले जात आणि त्यांच्या पिसांची उबदार पांघरुणे विणली जात. सुरुवातीची घरे जमिनीत अर्धी खणलेली असत. पुढे दगडी भिंतींची, एकमेकांना चिकटलेली, अनेक खोल्यांची घरे आली आणि खणलेल्या घराचा गोल आकार ‘किव्हा’मध्ये टिकून राहिला. किव्हा ही जमिनीत उतरणारी गोल खोली. धार्मिक विधी आणि बैठकी तिथे होत. पुएब्लो गावांत किव्हा आजही वापरात आहेत, आणि म्हणूनच अवशेषांतल्या किव्हांत उतरू नये, असे तिथले लोक सांगतात तेव्हा त्यामागे जिवंत श्रद्धा असते.

आता गाडीविषयी. अमेरिकेत राहत्या गाड्यांना मिळून आर.व्ही. म्हणतात आणि त्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडतात. बसएवढी ती ‘अ’ वर्गाची, ट्रकच्या सांगाड्यावर खोली बसवलेली ती ‘क’ वर्गाची, आणि डिलिव्हरी व्हॅनच्या आकाराची ती ‘ब’ वर्गाची, जिला सर्वसाधारणपणे कॅम्परव्हॅन म्हटले जाते. तिची लांबी साधारण साडेपाच ते सव्वासात मीटर असते. या पठारावर लांबी ही चैनीची नव्हे, प्रवेशाची बाब आहे. चाकोच्या मुक्कामाच्या तळावर ३५ फुटांपेक्षा लांब गाडी चालत नाही. मेसा व्हर्डेमधल्या वेदरिल मेसाच्या रस्त्यावर २५ फुटांची मर्यादा आहे. नॅचरल ब्रिजेसच्या चिमुकल्या तळावर मर्यादा २६ फुटांची आहे आणि जागा अवघ्या १३. मोठ्या गाडीत सोफा आणि टीव्ही मिळतो खरा, पण अर्धे पठार बाहेरून पाहावे लागते.

व्हॅनमध्ये तीन प्रकारचे पाणी वागवले जाते. स्वच्छ पाण्याची टाकी बहुधा ७५ ते १२५ लिटरची असते. भांडी आणि आंघोळीचे सांडपाणी दुसऱ्या टाकीत जमते, शौचालयाचे तिसरीत किंवा काढता येणाऱ्या डब्यात. भरण्या-ओतण्याची सोय फक्त नेमलेल्या ठिकाणी असते आणि अशी ठिकाणे शंभर-शंभर किलोमीटरवर असू शकतात. वाळवंटी हवेत माणशी रोज चार लिटर तरी पिण्याचे पाणी धरतात. स्वयंपाक आणि धुणे वेगळे. त्यामुळे दोन माणसांची टाकी हिशोबाने वापरली तर चार-पाच दिवस पुरते, आणि घरच्यासारखा नळ सोडला तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोरडी पडते. विजेचे तेवढे अवघड नाही. छतावरचे सौर पॅनेल इथल्या स्वच्छ उन्हात छान चालते, आणि दिवे, पाण्याचा पंप, छोटा फ्रिज यांना बारा व्होल्टची बॅटरी पुरते. एअर कंडिशनरला मात्र ती सहसा पुरत नाही. स्वयंपाकाबाबत एक गोष्ट भारतीय प्रवाशाने ध्यानात ठेवावी. २,१०० मीटर उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळते. भात कसाबसा होतो, तूरडाळ तासभर उकळूनही दाताखाली येते. कुकर बरोबर असलेला बरा.

या पठाराची फेरी बहुतेक जण न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरापासून सुरू करतात, कारण विमानतळ आणि भाड्याच्या गाड्या दोन्ही तिथे मिळतात. खाली दिलेल्या क्रमाने चाको, मेसा व्हर्डे, सीडर मेसा, मॉन्युमेंट व्हॅली आणि कॅन्यन द शे करून परत आले तर तेरा-चौदाशे किलोमीटर होतात. एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे चांगले महिने. उन्हाळ्यात खालच्या घळींत पारा अडतीस अंशांपलीकडे जातो, हिवाळ्यात मेसा व्हर्डेवर बर्फ असते.

चाकोचा रस्ता हीच पहिली परीक्षा. महामार्ग सोडल्यावर सुमारे २१ किलोमीटर कच्चा, पन्हाळीदार पत्र्यासारख्या लाटा पडलेला रस्ता आहे. तो पक्का करावा की नाही, यावर अनेक वर्षे चर्चा आहे. न केल्यामुळे गर्दी कमी राहते हे खरेच. त्या लाटांवरून जाताना व्हॅनमधली प्रत्येक ताटली वाजते, म्हणून कपाटे आधी घट्ट बंद करावी लागतात. मोबाइलवरचा नकाशा कधीकधी ‘जवळचा’ म्हणून भलताच रस्ता दाखवतो, तेव्हा उद्यान प्रशासनाने दिलेल्या मार्गानेच जावे. पाऊस पडला की इथली चिकणमाती साबणासारखी होते आणि सगळ्यांनाच थांबावे लागते. पिण्याचे पाणी फक्त माहिती केंद्रापाशी मिळते.

एवढे करून जे दिसते ते मात्र त्या खडतर वाटेच्या तोडीचे आहे. पुएब्लो बोनितो हे चाकोतले सर्वांत मोठे ‘महाघर’: इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे, सहाशेहून अधिक खोल्यांचे, काही ठिकाणी चार मजली. त्याचे बांधकाम इसवी सन ८५० च्या सुमारास सुरू होऊन जवळपास तीनशे वर्षे टप्प्याटप्प्याने चालले. भिंतींचे दर्शनी काम पाहत उभे राहावे असे आहे. पातळ चिपा इतक्या नेटक्या रचल्या आहेत की बांधणीच्या शैलीवरून भिंतीचे वय ओळखता येते. गंमत म्हणजे ही सगळी कारागिरी मुळात मातीच्या गिलाव्याखाली झाकलेली असे. छताला लागणाऱ्या तुळया घळीत मिळत नव्हत्या. त्या चुस्का आणि झुनी डोंगरांतून, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवरून, माणसांनी वाहून आणल्या. चाक नव्हते, ओझ्याचे जनावर नव्हते, आणि तुळयांची संख्या दोन लाखांच्या घरात होती असा अंदाज आहे.

चाकोतून बाहेर जाणारे रस्ते तर आणखी चक्रावून टाकतात. काही सुमारे नऊ मीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर सरळ; वाटेत कडा आला तर वळण न घेता कड्यात पायऱ्या खोदलेल्या. गाड्याच नसलेल्या समाजाला इतके रुंद रस्ते कशाला, याचे उत्तर बहुतेक अभ्यासक यात्रा आणि विधी यांत शोधतात. उंच दंडगोल भांड्यांत कोकोचे अंश सापडल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. कोको तिथून दोन हजार किलोमीटर दक्षिणेला पिकतो. लाल मकाव पोपटांचे सांगाडेही तिकडचेच. २०१७ मध्ये एका दफनखोलीतल्या सांगाड्यांच्या डीएनएवरून असे दिसले की तिथे पुरलेली माणसे तीनशेहून अधिक वर्षे एकाच मातृवंशातली होती. वंशजांच्या संमतीशिवाय हा अभ्यास झाला म्हणून त्यावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती.

चाकोच्या लोकांनी आकाशाकडे बारकाईने पाहिले होते. फहादा टेकडीवर तीन शिळांच्या फटीतून येणारा प्रकाशाचा सुरा उन्हाळी अयनदिनी कातळावर कोरलेल्या सर्पिलाच्या मध्यातून जात असे. ॲना सोफेर या चित्रकर्तीला हे १९७७ मध्ये दिसले. बातमी पसरली, माणसे चढू लागली, पायांखालची माती सरकली आणि शिळाही सरकल्या. १९८९ मध्ये तो प्रकाश जागेवर पडत नसल्याचे लक्षात आले. टेकडी आता पर्यटकांना बंद आहे. हजारभर वर्षे टिकलेली रचना शोध लागल्यावर बारा वर्षे टिकली नाही. पठारावरच्या जवळजवळ प्रत्येक निर्बंधामागे अशी काहीतरी हकिगत असते. रात्री तळावरून जे आकाश दिसते ते मात्र फारसे बदललेले नाही. चाकोला २०१३ मध्ये ‘डार्क स्काय पार्क’ची मान्यता मिळाली असून चांदण्या रात्री सोडल्या तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी ठळक दिसते.

उत्तरेला ॲझ्टेक गावातले अवशेष अर्ध्या दिवसात होतात. मेक्सिकोतल्या ॲझ्टेक लोकांशी त्यांचा काही संबंध नाही. हे नाव गोऱ्या वसाहतकारांच्या गैरसमजातून पडले. अर्ल मॉरिस यांनी १९३४ मध्ये पुन्हा बांधलेला तिथला महाकिव्हा आत जाऊन पाहता येतो, आणि छत असलेला किव्हा कसा असे याची कल्पना तिथे जितकी येते तितकी इतरत्र येत नाही.

मेसा व्हर्डे याहून वेगळे. इथे पक्के रस्ते, ६०० च्या आसपास कपारीतली घरे, आणि उद्यानाच्या आतच मोरफील्ड हा मोठा तळ. ओढून न्यायची गाडी असेल तर ती तळापाशीच ठेवावी लागते. पुढच्या वळणांवर तिला परवानगी नाही. माणसे या माथ्यावर सहाव्या शतकापासून राहत होती. कपारींतली घरे मात्र बहुतांशी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून तेराव्या शतकापर्यंतची, म्हणजे सातशे वर्षांच्या वस्तीतल्या शेवटच्या शंभर वर्षांची. ती माणसे वरच्या सपाटीवर शेती करत आणि कड्यात कोरलेल्या, हातापायांची बोटे रुततील एवढ्याच खाचांतून चढ-उतार करत. ‘क्लिफ पॅलेस’मध्ये दीडशेच्या आसपास खोल्या आणि वीसहून अधिक किव्हा आहेत, तिथे शंभरेक माणसे राहत असावीत. ‘बाल्कनी हाउस’मध्ये जायला दहा मीटरची लाकडी शिडी चढावी लागते आणि बाहेर पडताना दीड फूट रुंदीच्या बोगद्यातून रांगावे लागते. दोन्ही ठिकाणी रेंजरबरोबरच जाता येते आणि तिकिटे आधी काढावी लागतात. व्हॅनने फिरणाऱ्याची ‘जिथे वाटेल तिथे थांबू’ ही चाल इथे चालत नाही.

रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन हे गुराखी हरवलेली गुरे शोधताना १८ डिसेंबर १८८८ रोजी ‘क्लिफ पॅलेस’समोर येऊन थबकले, ही गोष्ट तिथे वारंवार सांगितली जाते. त्या भागातल्या यूट लोकांना ही घरे आधीपासून ठाऊक होती, हे सांगायचे बऱ्याचदा राहते. १८९१ मध्ये गुस्ताफ नॉर्डेनशेल्ड या तरुण स्वीडिश संशोधकाने तिथे उत्खनन करून शेकडो वस्तू जहाजाने युरोपला नेल्या. त्याला अटक झाली, पण त्याला अडवणारा कायदाच नसल्यामुळे सोडावे लागले. त्याचा संग्रह अखेर फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला, आणि त्यातले सुमारे वीस जणांचे अवशेष २०२० मध्ये परत येऊन पुन्हा मातीत विसावले. असल्या लुटीला आळा घालण्यासाठी १९०६ मध्ये पुरावस्तू कायदा झाला आणि त्याच महिन्यात मेसा व्हर्डे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. १९७८ मध्ये जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत त्याचे नाव आले.

या सगळ्या घरांची नेमकी वर्षे सांगता येतात, त्याचे श्रेय एका खगोलशास्त्रज्ञाला. ॲरिझोना विद्यापीठाचे ए. ई. डग्लस सौरडागांच्या चक्राचा हवामानाशी संबंध शोधत होते आणि त्यासाठी झाडांच्या वाढीची वलये मोजत होते. कोरड्या वर्षी वलय अरुंद, ओल्या वर्षी रुंद. एकाच प्रदेशातल्या सगळ्या झाडांत हा क्रम सारखाच. जिवंत झाडांपासून मागे जाणारी एक मालिका आणि अवशेषांतल्या तुळयांची दुसरी मालिका त्यांच्याकडे तयार होती, पण दोन्हींमध्ये दुवा नव्हता. जून १९२९ मध्ये शो लो या गावी एक जळका ओंडका मिळाला आणि दुवा जुळला. एका रात्रीत डझनावारी अवशेषांना इसवी सनातली वर्षे मिळाली. त्याच वलयांनी १२७६ ते १२९९ या काळातला मोठा दुष्काळही दाखवला.

साल १३०० उजाडेपर्यंत मेसा व्हर्डे रिकामे झाले होते. दुष्काळ हे त्याचे एक कारण, एकमेव नव्हे. त्याआधीही दुष्काळ आले होते आणि माणसे टिकली होती. जंगल तुटले होते, शिकार घटली होती, थंडी वाढून पिकाचा हंगाम आखडला होता, आणि आसपासच्या काही वस्त्यांत मारामारी आणि कत्तलीच्या स्पष्ट खुणा सापडतात. पुएब्लो लोक याला ‘गूढ लोप’ म्हणत नाहीत. त्यांच्या मते पूर्वज ठरल्याप्रमाणे पुढच्या मुक्कामी, दक्षिणेला आणि पूर्वेला, गेले. पुराव्याशी हे जुळते, आणि ‘हरवलेली संस्कृती’ हा पर्यटनाच्या पत्रकांचा लाडका सूर टाकून द्यावा हे उत्तम.

पश्चिमेला युटाच्या सीमेवरचे होव्हनवीप हे बुरुजांचे ठिकाण. चौकोनी, गोल, अर्धगोल असे दगडी बुरूज छोट्या घळींच्या उगमाशी, बरोबर झऱ्यांच्या वर उभे आहेत. ते पहाऱ्यासाठी होते, धान्यासाठी, की सूर्याच्या निरीक्षणासाठी, यावर एकमत नाही. ते पाण्याला धरून बांधले होते एवढे पाहताक्षणी कळते. लहान तळ आहे आणि गर्दी नसते. पठारावरचा एकच तळ निवडायचा झाला तर हा निवडावा.

तिथून सीडर मेसा. हा भाग बेअर्स इअर्स राष्ट्रीय स्मारकात येतो. पाच आदिवासी राष्ट्रांच्या मागणीवरून ओबामांनी ते डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केले, वर्षभरात ट्रम्प यांनी सुमारे ८५ टक्के छाटले आणि २०२१ मध्ये बायडेन यांनी पूर्ववत केले. इथे कुंपणे, तिकीटघरे, रेलिंग जवळजवळ नाहीत. घळीतून तासभर चालत गेले की कपारीत एखादे कोठार दिसते, भिंतीच्या गिलाव्यावर बांधणाऱ्याच्या बोटांचे ठसे, जमिनीवर मक्याची वाळलेली कणसे आणि रंगीत खापरे. ती उचलणे हा १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो कागदावरचा नाही: २००९ मध्ये ब्लँडिंग भागात पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापारावर मोठे छापे पडले होते. भिंतींना टेकू नये, कपारीत जेवू नये. सांडलेल्या तुकड्यांमागे उंदीर येतात आणि भिंतीखाली बिळे करतात. मोकळ्या जमिनीवरची काळी, खडबडीत साय मातीची नसून सूक्ष्मजीवांची असते. तीच वाळू धरून ठेवते, आणि एका पावलाने मोडलेली साय भरून यायला अनेक वर्षे लागतात.

अशा सरकारी जमिनीवर तळाबाहेर मुक्काम करायची मुभा साधारणपणे २८ दिवसांत १४ दिवसांपर्यंत असते. गाडी आधीच्या चाकोरीवर आणि आधीच्या मुक्कामाच्या मोकळ्या जागीच उभी करायची, कचरा बरोबर न्यायचा. विष्ठाही बरोबर न्यायची असते, कारण कोरड्या मातीत ती कुजत नाही. ज्यांच्या व्हॅनमध्ये शौचालय नाही त्यांच्यासाठी बंद होणाऱ्या खास पिशव्या मिळतात. किळस येणाऱ्याने सरळ तळावर राहावे.

सीडर मेसाच्या दक्षिण टोकाला मोकी डगवे नावाचा घाट आहे. १९५० च्या दशकात युरेनियमचे खनिज नेण्यासाठी तो कड्यात कापला गेला. पाच किलोमीटरचा कच्चा, दहा टक्के उताराचा रस्ता साडेतीनशे मीटर खाली उतरतो. २८ फुटांपेक्षा लांब गाडी नेऊ नये अशी पाटी वर आहे. छोटी व्हॅन पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आरामात उतरते. वर नॅचरल ब्रिजेसचे तीन दगडी पूल आहेत. वळणावळणाने वाहणाऱ्या ओढ्याने दोन वळणांमधली भिंत फोडली की पूल तयार होतो. कमान आणि पूल यांतला फरक हाच, की पूल वाहत्या पाण्याने होतो. २००७ मध्ये जगातला पहिला ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली ती याच जागेला.

घळीत उतरताना आकाश पाहणे पुरत नाही. जुलै ते सप्टेंबर इथेही मोसमी पावसाचे दिवस असतात, आणि वीस-तीस किलोमीटरवर पडलेल्या सरीचा लोंढा निरभ्र आकाशाखालच्या घळीत येतो. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप घळीत असे पाणी येऊन ११ पर्यटक बुडाले. कोरड्या ओढ्याच्या पात्रात व्हॅन लावू नये, हा नियम याच कारणासाठी आहे.

मॉन्युमेंट व्हॅलीपासून प्रवासी नाव्हाहो राष्ट्रात असतो. सुमारे ७० हजार चौरस किलोमीटरचा हा प्रदेश नाव्हाहो सरकार चालवते. सरकारी जमिनीचे नियम इथे लागू नाहीत: परवान्याशिवाय रस्त्याकडेला मुक्काम नाही, दारू बाळगायची नाही, ड्रोन उडवायचे नाही. व्हॅलीतल्या २७ किलोमीटरच्या कच्च्या फेरीवर आर.व्ही.ला बंदी आहे. स्थानिक मार्गदर्शकाच्या जीपमधून जावे, म्हणजे वाट आणि गोष्टी दोन्ही मिळतात. घड्याळाचाही घोळ आहे. उन्हाळ्यात ॲरिझोना घड्याळ पुढे करत नाही, नाव्हाहो राष्ट्र करते, आणि त्याच्या पोटात असलेला होपी प्रदेश पुन्हा करत नाही. तिकिटाची वेळ कोणत्या घड्याळाची, हे आधी विचारावे.

कॅन्यन द शे या घळीत नाव्हाहो कुटुंबे आजही मका आणि फळझाडे लावतात, मेंढरे पाळतात. वरच्या कडेने दोन्ही बाजूंना गाडीरस्ते आहेत. खाली जायचे तर नाव्हाहो मार्गदर्शक लागतो. पुएब्लो पूर्वजांचे ‘व्हाइट हाउस’ आणि सुमारे २४० मीटर उंचीचा ‘स्पायडर रॉक’ हा जोडसुळका इथेच. १८६४ मध्ये किट कार्सनच्या सैन्याने या घळीतली पिके आणि पीचच्या बागा तोडून लोकांना शेकडो किलोमीटर दूर चालत नेले; १८६८ च्या तहानंतर ते परतले. मार्गदर्शकांच्या बोलण्यात ही घटना आजोबा-पणजोबांच्या नात्याने येते.

परतीच्या वाटेवर, अल्बुकर्कीच्या अलीकडे शंभरेक किलोमीटरवर, अकोमा पुएब्लो लागते. शंभर मीटरहून उंच कड्याच्या माथ्यावरचे हे गाव सुमारे नऊशे वर्षे वसलेले आहे. माथ्यावर नळ नाही, विजेची जोडणी नाही. पावसाचे पाणी कातळातल्या नैसर्गिक टाक्यांत साठते. मेसा व्हर्डेच्या रिकाम्या घरांतून आलेल्याला इथे दारातून माणसे आत-बाहेर करताना दिसतात. व्हॅन पायथ्याशी सांस्कृतिक केंद्रापाशी लावून गावच्या बसने आणि गावच्याच मार्गदर्शकाबरोबर वर जाता येते. फोटोंना परवाना लागतो, आणि उत्सवाच्या काही दिवशी बाहेरच्यांना गाव बंद असते, म्हणून तारीख आधी पाहून निघावे. अल्बुकर्कीला भाड्याची व्हॅन परत करण्यापूर्वी सांडपाण्याच्या दोन्ही टाक्या रिकाम्या करून द्याव्या लागतात. नाहीतर त्याचे वेगळे पैसे पडतात.